एक मिक्सर, तीन घरं

निघतानाच चप्पल तुटली. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आज जाऊ नकोस. मी दुसरी चप्पल घातली आणि निघाले. नौपाडा ते कल्याण, ते काय लांब आहे! तरी चाळीस वर्षं ठाण्यात राहून कल्याण पूर्वेला मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, याची आता लाज वाटते.

आम्हा काही निवृत्त शिक्षकांचा एक छोटा शिक्षणनिधी आहे. नर्सिंगच्या फीसाठी तीन मुलींचे अर्ज आले होते, तिघी एकाच चाळीतल्या. घर बघून फॉर्म भरायचा: टीव्ही, मिक्सर, टेबलपंखा, इस्त्री, खुर्च्या. पाचांतल्या तीन वस्तू दिसल्या की कुटुंब गरजू नाही, अर्ज बाद. हा फॉर्म केला तेव्हा मिक्सर ही चैन होती. आदल्या दिवशी मी तिन्ही घरी फोन करून ठेवला. न सांगता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, ही आमची शिस्त.

खोपटहून एसटी धरली. खाडी ओलांडली. कळव्यानंतर शेजारच्या बाईंशी गप्पा सुरू झाल्या. कल्याणच्या बाजारातून भाजी उचलून त्या दारोदार विकतात.

"कोथिंबीर वर देता का हो अजून?" मी गमतीनं विचारलं.

"अवो बाई, आता फुकट कोथिंबीर मागणारं गिऱ्हाईक मला चोरच वाटतं!" आम्ही दोघी खळखळून हसलो.

दुर्गाडीचा पूल आला, कल्याण आलं. शेअर रिक्षावाल्यानं मला वस्तीच्या भलत्याच टोकाला सोडलं. उन्हात गटाराच्या कडेनं चालत मी ती बैठी चाळ (एकमजली खोल्यांची रांग) गाठली.

पहिलं घर रेखाचं. नवरा रंगारी. टीव्ही, मिक्सर, इस्त्री. निळ्या फुलांच्या कपात चहा आला. दुसऱ्या घरी, यमुनाकडे, मिक्सर, पंखा, खुर्च्या, आणि पुन्हा निळ्या फुलांचे कप. मनात म्हटलं, बाजारात एकदम स्वस्त मिळाले असतील. तिसरं घर मंगलचं. नवरा डोंबिवलीत वॉचमन, मुलगी प्रिया अर्जदार. टीव्ही, पंखा, मिक्सर, आणि चहा त्याच कपात. मिक्सरच्या झाकणाला लाल रबर लावलेलं. हे रबर मी आज तिसऱ्यांदा बघत होते!

तेवढ्यात रेखा दारात. "मंगल, झाला का गं मिक्सर? माझं वाटण राह्यलंय." मला बघून तिनं जीभ चावली.

"हा मिक्सर कुणाचा?" मी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"माझा. कपही माझेच," रेखा म्हणाली. "पंखा यमुनाचा. टीव्ही हिचाच आहे, पण बंद पडलाय. मुलगी बघायला पाहुणे आले की आम्ही असंच करतो, सगळ्यांचं सामान एका घरात."

"अगं पण हे बघूनच तर अर्ज बाद होतात!"

दोघींचे चेहरे उतरले. मंगल हळूच म्हणाली, "आम्हाला वाटलं, मुलगी चांगल्या घरची दिसली तर घेतील. मदत मागायची म्हणून घर उघडं पाडायचं का, ताई?"

चूक माझीच. मीच फोन केला होता. आणि या बायका! एका निधीसाठी तिघींच्या मुली उभ्या, तरी एकमेकींना मिक्सर देत होत्या. मला माझ्याच फॉर्मचा असा राग आला की मी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

"घरात काय आहे ते राहू दे. महागाईत बंद काय केलंस, ते सांग."

मंगल म्हणाली, "दूध. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड. प्रिया क्लासला चालत जाते. भाडं वाढलं तेव्हा केबल काढली." तिनं पदराला हात पुसले. "आणि पाहुणे. वर्ष झालं, गावाकडनं कुणी येतो म्हटलं की सांगते, आम्ही बाहेर चाललोय."

माझ्या हातातला कप मला जड झाला. वर्षभरात या घरी आलेली पहिली पाहुणी मी होते. उठून मी बाकी दोन्ही घरी पुन्हा गेले, हाच एक प्रश्न विचारला आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आमचे खजिनदार म्हणाले, "वस्तू मोजता येतात. बंद केलेलं कसं मोजणार?"

"विचारून. वस्तू उसन्या आणता येतात. सासऱ्यांची न घेतलेली गोळी कुणाकडून उसनी आणायची?"

"तिघींना निधी पुरेल?"

"पुरवायचा. फॉर्म बदलल्याशिवाय मी इथून हलत नाही." नळाचं पाणी येऊन गेलं तरी बैठक चालली. मी हलले नाही. फॉर्म बदलला, तिन्ही अर्ज मंजूर झाले.

फोनवर कळवता आलं असतं. मी पुन्हा एसटी धरली, आणि या वेळी मुद्दाम न सांगता गेले. आयुष्यभराची शिस्त मोडली. मंगल दारातच धुणं पिळत होती. बातमी ऐकून ती एकदम गडबडली आणि रेखाच्या दाराकडे वळली. कप आणायला.

मी तिचा हात धरला. "कप नकोत गं."

स्टीलच्या पेल्यात कोरा चहा आला. मी पायरीवर बसून तो प्याले, आणि पेला पुढे करून म्हटलं, "अजून अर्धा दे."