भोकरपर्यंत

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी मी उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर सेक्शन कमांडर होतो. हुद्दा हवालदार, गाव शिरूर अनंतपाळ, तेही त्या नव्या जिल्ह्यात गेलं. बातमी कळली तेव्हा शिपाई उत्तम कांबळे म्हणाला, "गावातून न हलता बदली झाली की साहेब तुमची!" उत्तम हिमायतनगरचा. त्याचा जिल्हा नांदेडच राहिला, याचा त्याला उगाच अभिमान.

माझ्या सेक्शनचा एक नियम होता. अडचण आली की हुद्द्यानं सगळ्यात लहान असेल त्यानं आधी बोलायचं. मी आधी बोललो की सगळे 'हो साहेब' म्हणून मोकळे होणार, आणि त्या बर्फात मला तरी काय डोंबल कळत होतं? वायरलेसची बॅटरी थंडीत बसायची. ती बनियनच्या आत बांधून न्यायची, ही युक्ती आमचा ऑपरेटर शेख यानं काढली. तो नांदेड शहरातला.

एका गस्तीत शेखच्या पायाखालचं बर्फ खचलं आणि तो खोल भेगेत गेला. वायरलेस सेट तेव्हा माझ्याकडे होता. मी तळाला कळवलं, तिकडून उत्तर आलं.

"रेस्क्यू पार्टी उद्या सकाळी. ओव्हर."

"तोवर माणूस गोठेल. ओव्हर."

"निर्णय तुमचा. आऊट."

भेग अरुंद, दोर एकच. खाली उतरलेल्या माणसानं दोराला हिसका देऊन खूण करायची, ही आमची रीत. पण दोर बर्फाच्या काठात रुतत होता, हिसका वर पोचलाच नसता. मी सेक्शनकडे पाहिलं. सगळ्यात लहान उत्तम.

"साहेब, दुष्काळात मला आमच्या वस्तीच्या हिरीत सोडायचे. वाटीनं पाणी भरायचो. खाली हवा लई खराब. माय म्हणायची, बोलत राहा. गप झालं की वढायचं."

"काय बोलशील?"

"आमच्या गाडीची ठेसनं म्हणतो."

आम्ही त्याला सोडला. धुक्यात दिसत काही नव्हतं, आवाज तेवढा येत होता. मुदखेड. भोकर. हिमायतनगर. किनवट. पुन्हा मुदखेड.

मग, "शेख हाय! जित्ता हाय!"

उत्तमनं स्वतःचा दोर सोडून शेखला बांधला. "वढा!"

आम्ही ओढू लागलो. खाली ठेसनं चालूच होती. मुदखेड. भोकर. तेवढ्यात आतली बर्फाची कड कोसळली.

गप झाला की ओढायचं, एवढंच ठरलं होतं. दोराला शेख होता.

शेखला वर घेतलं. दोर पुन्हा खाली सोडला, हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी रेस्क्यू पार्टीनं उत्तमचा देह बाहेर काढला. मी रिपोर्ट दिला, जेवलो, झोपलोसुद्धा. मला रडू आलं नाही. काही वाटलंच नाही, आणि त्याचाच मला अजून राग येतो.

सुट्टीत शेख आणि मी हिमायतनगरला गेलो. उत्तमच्या आईला सगळं सांगितलं. शेखनं मान वर केली नाही. तिनं एकच विचारलं.

"बोलत व्हता का?"

"हाव, मावशी," मी म्हणालो. "भोकरपर्यंत."

"मंग आलाच व्हता की," ती म्हणाली. "भोकरच्या पुढं आमचंच ठेसन."

मग उठून तिनं आमच्यासाठी तांब्या भरून आणला.