पातळ की घट्ट

आमच्या आळीत सध्या माणसांपेक्षा किल्ल्या जास्त आहेत. समोरचे कॅनडाला गेले, शेजारचे दुबईला, कोपऱ्यावरचे मुलाकडे ऑस्ट्रेलियाला. जाताना सगळ्यांनी किल्ल्या माझ्याकडे ठेवल्या, कारण वालीवची आमची कंपनी बंद पडल्यापासून मी घरीच असतो. संध्याकाळी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा झाली की मी प्रत्येक ओट्यावरचा दिवा लावून येतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल, काय नांदती आळी आहे. गेल्या पावसाळ्यात माझी बायकोही लेकीच्या बाळंतपणाला टोरोंटोला गेली, आणि मग मी आमच्याही ओट्यावरचा दिवा त्याच फेरीत लावू लागलो, सगळ्यात शेवटी.

मी आमच्या खानदानातला गोष्टी सांगणारा. नाताळात, लग्नाच्या मांडवात, अगदी मयताच्या घरीसुद्धा तिसऱ्या दिवशी, "हां, तू सांग रे ती वाडीतल्या सापाची" अशी फर्माईश होते. साप मी खरंच मारला होता, केळीच्या बुंध्याशी, हातभर लांबीचा. बायको म्हणते, "याच्या सापाला मेल्यानंतरच जास्त खायला मिळालं. दर नाताळला वीतभर वाढतो." लोक हसतात, मीही हसतो. त्या हसण्याची किंमत मला तेव्हा कळली नव्हती.

पाऊस सरत आला होता तेव्हा एका पहाटे माझं पोट बिघडलं. बिघडलं म्हणजे काय, नळ उघडा राहावा तसं. सकाळ उजाडेपर्यंत पायांत गोळे यायला लागले आणि आरशातले डोळे दुसऱ्याच कुणाचे तरी वाटू लागले. रिक्षा बोलावली. आमच्या आगाशीपासून हॉस्पिटलपर्यंत दोनदा थांबवली. दुसऱ्या वेळी रिक्षावाला म्हणाला, "काका, टाइम घ्या, पण सीटवर नको."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भाताच्या पेजेसारखं होतंय का?"

"बिनमिठाच्या," मी म्हणालो. अशाही वेळी तोंड गप्प बसत नाही.

त्या हसल्या नाहीत. दोन्ही हातांना सलाईन लावलं. "कॉलरा असू शकतो. तपासायला पाठवू," म्हणाल्या. मला भीती वाटली हे खरं, पण भीतीच्या बाजूला एक लहानसा आनंदही बसला होता, तो लपवून काय उपयोग? येत्या नाताळाला काय गोष्ट होणार होती. आमच्या पिढीत कुणाला कॉलरा झाला आहे?

तेवढ्यात बायकोचा फोन आला. मी म्हणालो, "दोन्ही हातांना सलाईन लागलंय, कॉलराचा संशय आहे, अंतकाळ जवळ आला, फादरना निरोप धाड."

"बरं," ती म्हणाली. "अंतकाळाआधी गॅस बंद केलास का ते बघ. इकडे बाळाला काढा कुठला द्यायचा यावरून आमचं भांडण चाललंय, मी नंतर करते."

मी तिला खरं सांगितलं होतं आणि तिनं ते खरं मानलं नव्हतं. ती घाबरली नाही म्हणून मला हलकं वाटलं. मग बराच वेळ छताकडे बघत पडलो.

कॉलरा नव्हताच. दुसराच कुठलासा साधा जंतू निघाला, आणि मला अपमान झाल्यासारखं वाटलं. पण त्याच हॉस्पिटलात जुलाबाच्या रोगांवर एक संशोधन चालू होतं. जलसंजीवनीबरोबर आणखी एक पावडर दिली तर दुखणं उलटत नाही का, असं काहीतरी ते तपासत होते. निम्म्या लोकांच्या पुड्यांत खरं औषध, निम्म्यांच्या पुड्यांत नुसतंच पांढरं पीठ. मी हो म्हणालो. घरी जाऊन पुड्या घ्यायच्या आणि रोज एक फोन येईल, त्यावर खरं ते सांगायचं, एवढंच माझं काम.

फोन सकाळी यायचा, पाववाल्याचा भोंगा आळीतून निघून गेला की. आवाज एका तरुण मुलीचा. ती त्या संशोधनातली नर्स होती, मूळची घाटावरची, विरारला खोली घेऊन राहणारी. ती मला काका म्हणायची आणि तेच ते प्रश्न विचारायची: आज शी किती वेळा, पातळ की घट्ट, रक्त, उलटी, ताप, लघवी नीट होते का?

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "पातळ म्हणता येणार नाही, घट्टही नाही. शिजून जरा पुढे गेलेल्या दुधी भोपळ्यासारखी."

"काका, मला दोनच पर्याय आहेत."

"मग भोपळ्याला घट्टात घे."

ती हसली. मी तो सगळा दिवस वाडीत त्या हसण्यावर काढला, केळीची पानं तोडताना मध्येच आठवून. माझ्या शरीराची अशी बारीक चौकशी कुणी केली नव्हती, माझ्या आईनंतर तर नक्कीच नाही. बायकोही रोज विचारायची, "जेवलास का?" मी "जेवलो" म्हणायचो आणि मग तिकडचं बाळ रडायचं. या मुलीला मात्र खरं उत्तर हवं होतं. हळूहळू मी सकाळी उठून आधी उत्तराची तयारी करू लागलो. दुधी, मग शिरा, मग एक दिवस अभिमानानं वसईची सुकेळी. सुकेळी म्हणजे आमच्याकडे उन्हात वाळवलेली केळी; तिला ते समजावून सांगण्यात फोन लांबला.

एकदा मी विचारलं, "मला खरं औषध आहे की पीठ?"

"मला पण माहीत नाही, काका. डॉक्टरांना पण नाही. सगळं संपल्यावरच उघडणार."

म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना कुणालाच काही माहीत नव्हतं. मला त्या गोष्टीचा उगाच आधार वाटला.

मग एक दिवस ती म्हणाली, "काका, तुमचं छान चाललंय. उद्याचा फोन शेवटचा."

त्या संध्याकाळी दिवे लावताना माझ्या डोक्यात एक विचार आला. उद्या "पातळ" म्हणालो तर? एक शब्द. साप वाढवणाऱ्याला एवढं काय जड आहे? पण त्या पांढऱ्या पुड्यांचा न्याय माझ्या शब्दावर होणार होता, आणि तिथे वीतभर वाढवणं मला जमेना. घरी येऊन मी माठातलं पाणी प्यायलो, उद्या "सुकेळी" असंच सांगायचं ठरवलं आणि झोपलो.

सकाळी पाववाला यायच्या आत पोट पुन्हा बिघडलं होतं. चांगलं, सज्जड, वारंवार.

फोन आला. मी म्हणालो, "पातळ."

"काका, कन्फर्म?"

"अगदी. कितीदा तेही मोजणं सोडलं."

"काका, रागावू नका हं." ती हळू बोलत होती. "शेवटच्या दिवशी बऱ्याच जणांना जुलाब होतात. चिंचोटीकडे एक आजी आहेत, एकट्याच असतात. त्यांचे फोन बंद होणार म्हटलं की त्यांना एकदा पातळ होते. एकदाच. मी गेले की चहा करून देतात."

आदल्या संध्याकाळी आळीभर दिवे लावत मी मनानं त्या आजीच्याच ओट्यापर्यंत जाऊन परत आलो होतो.

"मी खोटं नाही सांगत, बाळा," एवढंच म्हणालो. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं.

"मग सॅम्पल लागेल. मी दुपारी येते. तोवर जलसंजीवनी घोट घोट चालू ठेवा, थांबवू नका."

फोन ठेवल्यावर मी विचार केला, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या गोष्टीचा पुरावा मागितला आहे, आणि पुरावाही असा की जो आणायला आपल्यालाच जावं लागतं. हॉस्पिटलनं घरी देऊन ठेवलेली झाकणाची डबी होतीच. काम झालं. पण ती नुसती डबी हातात कशी द्यायची? पोरगी पहिल्यांदा घरी येणार. मी शोधून लेकीच्या वाढदिवसाच्या केकची एक पिशवी काढली, सोनेरी दोरीची, आणि तीत डबी ठेवली.

ती आली ती निळी बर्फाची पेटी खांद्याला लावून, हसू दाबत. "कोपऱ्यावर एका मावशीनं थांबवलं," म्हणाली. "'बाय, काय हाय त्यात, पापलेट? दाव तरी,' म्हणे. मी म्हटलं, दाखवण्यासारखं नाही."

मी पिशवी पुढे केली. तिनं दोरीकडे पाहिलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे. "ही पिशवी कशाला, काका?"

"असंच कसं द्यायचं?"

तिनं डबी पेटीत ठेवली आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "सॉरी, काका. मी सकाळी तसं बोलले."

"तू बरोबरच बोललीस. माझ्या घरचेही तेच म्हणाले असते."

तिनं माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि माठाशी थांबली. माठाच्या झाकणावर माझा स्टीलचा ग्लास पालथा होता. वर भिंतीला बायकोचं माठातून पाणी काढायचं ओगराळं टांगलेलं, लांब दांड्याचं, कोरडं ठणठणीत.

"पाणी उकळता?"

"रोज. शपथेवर."

"आणि माठात ग्लास कोण बुडवतं?"

मी आजूबाजूला पाहिलं. या घरात असल्या प्रश्नाला आजवर चार जण उपलब्ध असत आणि मी लेकीचं नाव पुढे करत असे. "मीच," म्हणालो.

"बोटांसकट," ती म्हणाली. "बघू, सॅम्पलमध्ये काय येतं ते. आज तुमच्याजवळ कोण राहणार?"

मी भिंतीवरच्या किल्ल्यांकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"काकूंना फोन लावा. माझ्यासमोर."

तिकडे नुकतं उजाडत होतं. बायकोचा आवाज झोपेतला. "काय रे? पुन्हा कॉलरा?"

माझ्या तोंडात दोन-तीन वाक्यं तयार होती, सगळी चांगली. पण समोर ती पेटी होती. मी म्हणालो, "मला जुलाब होतायत. मागच्या वेळचं सलाईन खरं होतं. हॉस्पिटलात होतो."

ती वाट पाहत राहिली. "मग?"

"मग काही नाही. एवढंच."

एवढीच गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वीतभरही न वाढवलेलं माझ्याकडून तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं, आणि म्हणूनच तिला ते कळलं.

"माठात ग्लास बुडवतोस ना?" टोरोंटोहून ती म्हणाली.

नर्सनं तोंडावर हात ठेवला.

संध्याकाळच्या आत बायकोचा मामेभाऊ नारळ घेऊन आला आणि ओट्यावरच झोपला. तिनं किती ठिकाणी फोन केले होते कुणास ठाऊक. या खेपेला सलाईन लागलं नाही, पुड्यांवर भागलं. माझं दुखणं उलटलं याची नोंद हॉस्पिटलात झाली आणि काही दिवसांनी माझे फोन रीतसर बंद झाले. शेवटच्या दिवशी नर्स म्हणाली, "पातळ की घट्ट?" मी म्हणालो, "घट्ट." भोपळा नाही, शिरा नाही. "शाब्बास, काका," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

माझ्या पुड्यांत औषध होतं की पीठ, अजून कळलेलं नाही. बायको अजून तिकडेच आहे. आता ती रोज "जेवलास का" विचारत नाही, ओगराळं दाखव म्हणते, कॅमेऱ्यासमोर, ओलं आहे का बघायला.

सकाळी पाववाल्याचा भोंगा लांब गेला की अजूनही हात फोनकडे जातो. मग मला चिंचोटीकडची ती आजी आठवते, जिला मी पाहिलेलं नाही. तिचे फोन आता कधीचेच बंद झाले असतील. तिला एकदा पातळ झाली, तर ती कुणाला सांगत असेल?