मालकाला ओळखणारा राऊटर

हसणार तर तुम्ही आहातच, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हाच किस्सा सांगताना एका मित्राने तोंडातला घोट माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उडवला होता.

तर मी मारेगावचा निवृत्त विज्ञान शिक्षक. बत्तीस वर्षं पोरांना बॅटरीला बल्ब जोडायला शिकवलं, त्यामुळे दिवा लागणारी कुठलीही वस्तू आपल्याला कळते असा माझा ठाम समज. आमच्या गल्लीत मोबाइलला रेंज नाही, बोलायचं तर चौकात जावं लागतं. म्हणून गेल्या वर्षी घरात मेश राऊटर घेतला. म्हणजे तीन पांढऱ्या डब्ब्या: एक स्वयंपाकघरात, एक माडीवर, एक मधल्या खोलीत. तिघी मिळून घरभर नेट पोचवतात.

त्या दिवशी अकरा वाजता माझ्या मुलीची, पल्लवीची, व्हिडिओवर मुलाखत होती. नागपूरची नेट पुरवणारी कंपनी, काम ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचं. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती, आणि तिच्याकडे पाहून मीही अर्ध्या ताटावरून उठायचो. सकाळीच तिने मला बजावलं, "बाबा, आज राऊटरले हात लावू नका."

आता मला सांगा, असं बजावल्यावर ज्याचा हात शिवशिवत नाही, तो विज्ञान शिक्षक कसला?

नऊ वाजता स्वयंपाकघरात चहाची वाट पाहत बसलो होतो. मोबाइलवर संदेश आला, राऊटरचं नवं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्राम, आलं आहे. म्हटलं, मुलाखतीच्या दिवशी पोरीला ताजं नेट मिळू दे. बटण दाबलं. डब्बीचा दिवा लाल झाला, निळा झाला, पांढरा झाला, काम फत्ते. तिथेच थांबलो असतो तर आज तुम्हाला नुसता चहा मिळाला असता.

पण पुढे सुरक्षेचं पान उघडलं. वायफायला कुलूप कुठलं, डब्ल्यूपीए-टू, डब्ल्यूपीए-थ्री, की दोन्ही? दोनापेक्षा तीन मोठे, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल. नुसतं थ्री ठेवलं. पासवर्डही बदलला, कारण जुना म्हणजे आमच्या बैलाचं नाव होतं आणि ते अख्ख्या गल्लीला पाठ होतं. नवा असा केला की मलाच कागदावर लिहून ठेवावा लागला.

मग ओसरीवर येऊन कापसाच्या भावाचा व्हिडिओ लावला. काय पळाला म्हणून सांगू! आणि नवल म्हणजे मोबाइलने पासवर्ड विचारलाही नाही. मनात म्हटलं, याला म्हणतात फर्मवेअर, मालकाला बरोबर ओळखतं.

साडेदहाला पल्लवी लॅपटॉप घेऊन बाहेर आली. "बाबा, तुमी काही केलं काय? नेट लागूनच नाही राह्यलं."

"काही नाही, सुरक्षा वाढवली. हा घे नवा पासवर्ड."

तिने तीनदा टाकला. लॅपटॉप ढिम्म. "बाबा, नुसतं थ्री ठेवलं काय? हा कॉलेजातला जुना लॅपटॉप हाय, त्याले थ्री समजत नाही. दोन्ही ठेवा."

"एका म्हाताऱ्या लॅपटॉपसाठी घराचं कुलूप काढू काय? माया मोबाइल पाह्य कसा पळून राह्यला. खोट तुया लॅपटॉपात हाय."

"पण तुमाले पासवर्ड मागतला काय?"

"मले कायले मागीन? मी मालक हाय."

मी वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांकडे जसा पाहायचो, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली. मग माझा मोबाइल ओढून तिने ॲप उघडलं. ॲप म्हणे, घरचं नेटवर्क सापडत नाही.

"नवीन हाय ते, रुळाले वेळ लागते," मी म्हणालो.

अकराला बारा मिनिटं कमी. पल्लवीची आई पदराला हात पुसत बाहेर आली. "तुमी बसा भाव पाहत," एवढंच म्हणाली, लॅपटॉप काखेत मारला, पोरीचा हात धरला आणि शेजारी प्रेमसिंगभाऊंकडे निघाली. मी मागोमाग.

प्रेमसिंगभाऊ राठोड घरात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात, आमच्याशी वऱ्हाडीत, आणि मोबाइल कंपनीशी हिंदीत भांडतात. त्यांचा राऊटर जुना, एक अँटिना कललेला. लॅपटॉप पहिल्याच फटक्यात लागला. पल्लवी आतल्या खोलीत बसली, दार लोटलं. मी देवाला म्हटलं, माझ्या आगाऊपणाचं फळ पोरीला देऊ नको.

पण शरम लपवायला माणूस काय करतो? बढाई मारतो. ओसरीवर बसून मी व्हिडिओ लावला. "पाहा भाऊ, माया नेट तुमच्या ओसरीपर्यंत पोचून राह्यलं."

"तुमचं बरं हाय मास्तर," प्रेमसिंगभाऊ म्हणाले. "माया नेटले त दिवाळीपासून चोर लागला. घरचे मोबाइल तीन, आन् नेटवर दिसते चार."

मला हुरूप आला. त्यांचा मोबाइल घेतला, यादी उघडली. तीन घरचे, एक पल्लवीचा लॅपटॉप, आणि खाली एक अनोळखी, नुसती अक्षरं आणि आकडे. "अशा फुकट्याले त चौकात उभं केलं पाहिजे," मी म्हणालो, आणि ब्लॉकचं बटण दाबलं.

माझ्या मोबाइलवर भाव सांगणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबला.

मी मोबाइल हलवला. वर धरला. नुसतं गोल गोल फिरत होतं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. मागे आमचं नेट बंद असताना प्रेमसिंगभाऊंनीच मला पासवर्ड दिला होता. दिवाळीत कापूस घरी आला, मधल्या खोलीत आढ्यापर्यंत ढीग लागला, आणि तिथली डब्बी प्लगसकट त्याखाली गडप झाली, त्यामुळे ओसरीवर आमचं नेट पोचेनासं झालं. तेव्हापासून मी ओसरीवर बसलो की माझा मोबाइल गुपचूप शेजारी जेवायला जायचा. आणि त्या सकाळी घरचा पासवर्ड बदलल्यावर तर तो तिथेच मुक्कामाला गेला होता.

प्रेमसिंगभाऊंनी शांतपणे बशीतला चहा संपवला. "मंग मास्तर, चौकात कधी उभे राह्यता?"

पल्लवीच्या आईला पदर तोंडात कोंबावा लागला.

तेवढ्यात दार उघडलं. पल्लवी हसतच बाहेर आली. कितीतरी दिवसांनी तिला तसं हसताना पाहिलं आणि माझा जीव भांड्यात पडला. "लय मस्त झाली. त्यायनं विचारलं, आपलंच खरं करनारा ग्राहक आला त कसा सांभाळशीन? मी म्हनलं, आज सकाळीच सांभाळून आली. तुमचा मोबाइल काकाच्या नेटवर हाय हे मले तवाच समजलं होतं, सांगाले वेळ कुठं होता? त्यायले सगळं सांगतलं. पाच मिनिटं हसून राह्यले ते."

आठवड्याने नोकरीचं पत्र आलं. आता लोक पेढा खाता खाता विचारतात, पोरीने तयारीला कुठला क्लास लावला होता? मी सांगतो, क्लास कायले पाहिजे, सरावासाठी एक हेकट ग्राहक आम्ही घरातच पोसला आहे.