गादीवाल्या चाचांची सपाट रेघ

सपाट रेघेवर जीव जडलेला एकच माणूस इंदापूर तालुक्यात होऊन गेला, आणि तो गाद्या भरून विकायचा. आमच्या शेजारचे हे चाचा दुपारपर्यंत कापूस पिंजत आणि मग त्याच दुकानात गिटार घेऊन बसत. गिटारला एक मोठा स्पीकर जोडलेला असे. चाचांच्या मते जगातला प्रत्येक स्पीकर लबाड. कुणी खर्ज फुगवतो, कुणी वरचे सूर खातो. त्याला वठणीवर आणायला त्यांनी एकतीस सरकत्या बटणांचा इक्वलायझर आणला होता. स्पीकरमधून सगळे सूर एकदम सोडले की नुसता खरखराट होई. समोरचा माईक तो टिपे आणि लॅपटॉपवर डोंगरदऱ्यांची रेघ उमटे. डोंगर दिसला की तिथलं बटण खाली, दरी दिसली की वर, असं करत रेघ सपाट होईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळत उभं. "उशी उद्या न्या. आत्ता खर्जात जरा टेकाड हाय," ते सांगत.

दुकानात चहूकडे कापूस, त्यामुळे आवाज घुमत नसे. बाहेर मात्र पंचाईत व्हायची. अंथुर्ण्याला पुतण्याच्या लग्नात कार्यालयाचा पत्रा घुमतो म्हणून त्यांनी टेम्पोभर गाद्या नेऊन भिंतींना उभ्या केल्या. जेवणं उरकल्यावर वऱ्हाडाने त्या आडव्या केल्या आणि ताणून दिली. "झोपलेली माणसं बी आवाज खात्यात," चाचा मला म्हणाले, "पर घोराय लागली की सगळं बिघडतं."

माझी पत्नी गेली तेव्हा सगळे येऊन चार शब्द बोलून गेले. चाचा काहीच बोलले नाहीत. दहावा झाल्यावर त्यांनी मला हाताला धरून दुकानात नेलं आणि कापसावर बसवलं. "सर, तुमी निस्तं ऐका. कुठं टोचतंय तेवढं सांगा." तेव्हापासून माझी दुपार तिथेच जाऊ लागली.

पुढे काही वर्षांनी चाचांचे माईक म्हातारे होऊ लागले. रेघ सपाट दिसे, पण चाचांना आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटे. "थकला ह्यो," म्हणून त्यांनी बारामतीहून दुसरा माईक आणला, मग पुण्याहून तिसरा. तोही थकलेलाच निघाला. शेवटी माईकचं न ऐकता ते वरच्या सुरांची बटणं चढवत राहिले. माझ्या दातांतून कळ जाई. समोरचा चहावाला भर उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळून चहा द्यायला येई.

अशात त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. सासरी जाण्याआधी तिच्यासाठी एक धून वाजवायची, हे चाचांनी कधीच ठरवून टाकलेलं. त्या कर्कश आवाजात वाजवली असती तर सगळं कार्यालय हसलं असतं, आणि मुलीला मान खाली घालावी लागली असती. लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा मी तोंड उघडलं.

"चाचा, तिन्ही माईक चांगले आहेत."

ते तारा पुसू लागले. "मग म्हातारं कोण झालंय? बोला की."

मी त्यांच्या कानाकडे पाहिलं.

"मंजी दरी माझ्याच कानात हाय व्हय," ते म्हणाले आणि इक्वलायझर माझ्याकडे सरकवला. "तुमीच लावा आता. लेकीला सपाट ऐकू गेलं पायजे. माझ्यासाठी काय बी वाढवायचं न्हाय. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

लग्नात चाचा वाजवत होते ते माझ्या तोंडाकडे बघत. मी मान हलवली की पुढची ओळ. अर्ध्या धुनेपर्यंत बोटं बिनचूक चालली होती, पण चेहरा कोरा होता. वरचे सूर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. मी वरची तीन बटणं हळूच चढवली. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींनी ओढणी कानावर ओढली. मुलगी वडिलांकडेच पाहत होती. चाचांनी माझ्यावरची नजर काढून तिच्याकडे वळवली आणि उरलेली धून तिच्याकडे बघत वाजवली.

"सपाट हुतं न्हवं?" गिटार पेटीत ठेवताना त्यांनी विचारलं.

"अगदी सपाट."

"वाटलंच मला. लई दिसांनी साफ ऐकू आलं."

गेल्या वर्षी चाचा गेले. त्याआधी दोनदा मी खरं काय ते सांगून टाकायला दवाखान्यात गेलो होतो. दोन्ही वेळा ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्या दिवशीच्या सपाट आवाजाबद्दल सांगत होते, आणि साक्षीला मलाच पुढे करत होते.