धाकटी अंग चेपून देते

धाकटी आता नवऱ्याकडे जातच नाही की काय, या एकाच धास्तीनं आईच्या जिवाला घोर लागला होता. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, बाबांचं तोंड पुसताना ती मधेच थांबायची आणि मनातल्या मनात तेच ते उगाळत राहायची. जावई कागदाच्या गिरणीत नोकरी धरून दुसऱ्या गावी गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. ‘बाबा जरा सावरले की आलेच मागोमाग,’ असं त्याला सांगून धाकटी आईबाबांकडे राहिली होती. आणि बाबा सावरत होते. म्हणजे धाकटीला तसं वाटत होतं.

धाकटीच्या हाताला गुण आहे हे घरात सगळ्यांना फार लवकर कळलं होतं. बाबा बस चालवायचे. दिवसभर ते भलंमोठं चाक फिरवून घरी आले की चपला काढायच्या आधी जमिनीवर पालथे पडायचे आणि म्हणायचे, “कोण येतंय चालायला?” थोरली पुस्तकातून डोकं वर काढायची नाही. धाकटी मात्र पळत यायची, भिंतीला हात टेकायची आणि बाबांच्या पाठीवर चढायची. मग बापलेकींचा खेळ सुरू व्हायचा. कंबर म्हणजे डेपो. तिथून गाडी सुटायची ती पाठीच्या मधल्या मणक्यापाशी पहिला थांबा घ्यायची, खांद्याच्या फऱ्यापाशी दुसरा, आणि मानेजवळ शेवटचा.

“हळू गं, पुढे खड्डा आहे,” बाबा उशीत तोंड खुपसून ओरडायचे.

“खड्डा नाही, तुमची बरगडी आहे!”

“मग ब्रेक लाव की!”

वजन वाढलं तशी धाकटी पाठीवरून उतरली आणि हातांनी चेपायला लागली. तिला कुणी शिकवलं नाही. तळवे एकमेकांवर घासून ऊन करायचे, समोरच्याचा श्वास संथ होईपर्यंत नुसतेच टेकवून ठेवायचे, आणि मग कुठं सुरुवात करायची, ही तिची तिनंच बसवलेली रीत. जोर बोटांचा नाही, तळव्याच्या खालच्या बाजूचा. आणि वाट नेहमी तीच. एका जागी जितका वेळ थांबायची तितकाच वेळ पुढच्या जागी, ना कमी ना जास्त. तो खेळ तिच्या हातात मुरला होता.

कॉलेजात परीक्षा आल्या की मैत्रिणी अभ्यासाच्या नावाखाली घरी जमायच्या आणि अभ्यास राहायचा बाजूला. जुनी गादी खाली ओढली जायची आणि एकेकीचा नंबर लागायचा. टायपिंगच्या क्लासला जाणारी एक मैत्रीण तर दारातूनच खांदे पुढे करून आत यायची. “काकू, तुमच्या पोरीला घरीच ठेवा हं,” ती आईला म्हणायची, “हिचं लग्न झालं तर आम्ही कुणाकडे जायचं?” आईसुद्धा काम आटोपलं की हळूच त्या गादीच्या कडेला येऊन बसायची. धाकटी समजायची आणि तिच्या मानेवर हात ठेवायची.

लग्नही त्या गादीपायीच जमलं. थोरलीच्या नवऱ्याचा एक मित्र मान अवघडून आला होता, डावीकडे बघायचं तर सगळा माणूस वळवावा लागत होता. धाकटीनं त्याची मान मोकळी केली. “मान सरळ झाली आणि पठ्ठ्या सरळ हिच्याकडेच बघत बसला,” हा विनोद बाबांनी लग्नात भेटेल त्याला ऐकवला.

लग्नानंतर दोघं जवळच राहत होती. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची, अजूनही करते. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, मुंगीएवढे स्क्रू पिळायचे, आणि संध्याकाळी वाटेत बाबांकडे डोकावून त्यांची पाठ चेपायची. सगळं नीट चाललं होतं. मग एके सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातातला ब्रश गळून पडला आणि पाठोपाठ बाबा. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं. पाय पुढे काठीच्या आधारानं फरफटत का होईना चालायला लागला. जीभ जड झाली, तरी बोलणं कळायचं. हात मात्र गेला तो गेलाच. कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा मांडीवर पडून असायचा.

इस्पितळातून व्यायाम शिकवायला बाई यायच्या. काही महिन्यांनी त्यांनी आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, “हाताचं फार मनावर घेऊ नका. यायचं ते एव्हाना आलं असतं.” आईनं मान हलवली. धाकटीला सांगितलं तेव्हा ती उसळली. “त्या बाईंना काय माहीत? आमचा रस्ता आम्हाला माहीत.”

त्या दिवसापासून तिनं तो हात धरला तो धरलाच. रोज दुकानातून आली की हातपाय धुवायची, तेल कोमट करायची आणि बाबांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकायची. बोटांची टोकं हा डेपो. मग मनगट, मग कोपर, मग खांदा. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायची, “बाबा, गाडी कुठं आली?”

आधी बाबा गप्प असायचे. मग एका संध्याकाळी टॉवेलाखालून जड आवाज आला, “मन...गट.”

धाकटी मनगटावरच होती. तिनं एवढ्या जोरात आईला हाक मारली की आईच्या हातातलं भांडं सुटलं. त्यानंतर हळूहळू कोपर आलं, खांदा आला. चारही थांबे बाबा डोळे झाकून बरोबर सांगायला लागले. “संवेदना परत येतेय,” धाकटी फोनवर नवऱ्याला सांगायची, “आता हालचाल यायला कितीसा उशीर?” आईलाही वाटलं, आपली पोर जिंकली. ती व्यायामाच्या बाईंवर मनातल्या मनात रागावलीसुद्धा.

हात काही हलत नव्हता. धाकटीचा अंगठा तेवढा सुजायला लागला होता. दुकानात स्क्रू पिळताना तो दगा द्यायचा, म्हणून तिनं पट्टा बांधला होता. बाबांकडे बसताना पट्टा सोडून खिशात टाकायची.

आणि जावई बदलत चालला. आधी रोज विचारायचा, ‘कधी येतेस?’ मग आठवड्यानं विचारायचा. मग विचारेनासा झाला. आता त्याचं म्हणणं आलं होतं, तेही शांतपणे. मोठी जागा सोडून त्यानं गिरणीजवळ एकट्यापुरती खोली घेतली होती. ‘ये असं म्हणत नाही मी. येणार असशील तर या आठवड्यात सांग, दुसरी जागा बघतो. नसशील तर तसं सांग. मला मधे टांगून ठेवू नकोस.’

“रागावलाय का गं फार?” आईनं विचारलं.

“नाही ना,” धाकटी म्हणाली, “रागावला असता तर बरं झालं असतं.”

परवा धाकटीला दुकानात उशीर झाला. सात वाजून गेले तसे बाबा चुळबुळ करायला लागले. दाराकडे बघ, घड्याळाकडे बघ. आईला कीव आली. “आज मी करते,” ती म्हणाली. तिनं तेल कोमट केलं, टॉवेल टाकला आणि ती बाबांच्या उशाशी बसली. खांदा हाताशी होता म्हणून तिनं खांद्यापासूनच सुरुवात केली.

“गाडी कुठं आली?” तिनं धाकटीसारखंच विचारलं.

“बोटं,” बाबा म्हणाले.

आईला वाटलं, चेष्टा करताहेत. ती कोपरावर आली. बाबा टॉवेलाखालून म्हणाले, “मनगट.” ती कोपरावरच थांबून राहिली, मुद्दाम, हात न हलवता. थोडा वेळ गेला आणि बाबा म्हणाले, “कोपर.” आईनं हात काढून घेतला. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि बाबांकडे बघत राहिली. तेवढ्याच अंतरानं बाबा म्हणाले, “खांदा. आला... शेवटचा थांबा.”

आईनं टॉवेल उचलला. बाबांचे डोळे मिटलेले होते. प्रामाणिकपणे मिटलेले.

“अहो,” ती म्हणाली, “मी हात काढून किती वेळ झाला. तुम्हाला काहीच कळत नाही ना?”

बाबांनी डोळे उघडले. आधी आईकडे, मग हाताकडे पाहिलं. जन्मभर एकाच रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला कुठला थांबा किती वेळानं येतो हे पोटातूनच कळतं. धाकटीची लय त्यांना पाठ होती. तिचा श्वास कुठं जोराचा होतो, कुठं ती बूड हलवते, सगळं पाठ होतं. हाताकडून त्यांना कधीच काही कळलं नव्हतं.

“पहिल्यांदा... अंदाजानं बोललो,” ते तुटक तुटक म्हणाले. “कसली उडी मारली तिनं. मग नाही... म्हणवेना.”

“आणि तिचा संसार?”

बाबांनी चांगल्या हातानं तो मेलेला हात पोटावर ओढून घेतला. “ती गेली की,” ते म्हणाले, “ह्याला हात कोण लावणार?”

“मी मेलेय का?”

“तू... चादर पिळल्यासारखा पिळतेस.”

आईला हसू फुटलं, आणि हसता हसताच थांबलं. कारण ते खरं होतं. बाबांना ती आंघोळ घालायची, कपडे चढवायची, उठवायची, बसवायची, पण ते सगळं उरकणं होतं. धाकटी तेवढी त्या माणसाशी हातांनी बोलायची.

“तिला सांगू नकोस,” बाबा म्हणाले. त्यांचा चांगला हात आईच्या मनगटाभोवती घट्ट झाला होता.

एवढ्यात दार वाजलं. धाकटी दमून आली होती, केस विस्कटलेले, पण तेलाची वाटी बघून तिचा चेहरा फुलला. “अरे वा, आईनं तयारी करून ठेवलीय! सरक आता, तज्ज्ञ मंडळी आली.” तिनं पट्टा सोडला, तळवे घासले. टॉवेल पडला. बोटं, मनगट, कोपर, खांदा. बाबांनी चारही थांबे बरोबर सांगितले. खांद्यावर आल्यावर त्यांचा आवाज फाटला आणि टॉवेलाच्या कडेतून पाणी कानापर्यंत आलं.

“बघ आई, बघ!” धाकटी कुजबुजली. “दुखायला लागलंय त्यांना. म्हणजे जाग येतेय.”

आई तेलाची वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली.

काल सकाळी डबा भरताना धाकटी म्हणाली, “मी ठरवलंय. उद्या दुकानातून घरी येताना फोन करते त्याला. तू तुझी सोय बघ म्हणून स्पष्ट सांगते. हात अर्धा परत आलाय आणि मी सोडून जाऊ? जन्मभर खात राहील ते मला.”

“अगं, पण हात येईलच असं...”

“आई! तू तरी असं बोलू नकोस. तुझ्या डोळ्यांसमोर सांगतात ना ते?”

आईनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. आतल्या खोलीत बाबा जागे होते.

आज तो उद्याचा दिवस होता. दुपारची जेवणं झाली. बाबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई भांडी घासत होती आणि तिचे विचार काही केल्या मार्गी लागत नव्हते. सांगावं तर या माणसाच्या दिवसातली एकच बरी घटका आपण हिसकावून घेणार. धाकटी बापाला खोटारडा म्हणेल, आईला वैरीण म्हणेल. कदाचित विश्वासच ठेवणार नाही. ठेवला तरी त्या एकट्यापुरत्या खोलीत तिच्यासाठी जागा उरलीय की नाही, कोण जाणे. जावयाचा निरोप आईनं ऐकला होता, त्यात वाट बघणं संपलेलं होतं. बाबांचा हात परत येणार नव्हता, हे तर पक्कंच. कुठल्याही बाजूनं हिशेब मांडला तरी हाती काही लागत नव्हतं.

आणि न सांगावं तर? धाकटी आहे तशी येत राहील, रोज संध्याकाळी, केस पांढरे होईतो. एका मेलेल्या हाताला कुरवाळत, त्याला जाग येईल म्हणून. तिचे स्वतःचे अंगठे जातील, मग दुकानही जाईल. एक दिवस बाबा नसतील. मग ती या घरात आईच्या शेजारी बसून राहील, आणि आईला हे सगळं माहीत असेल. आई खरी दचकली ती पुढच्या विचारानं. म्हातारपणी लेक जवळ राहील, हे मनाच्या एका कोपऱ्यात तिला गोड वाटलं होतं.

तिनं हात पुसले. संध्याकाळपर्यंत थांबून चालणार नव्हतं, धाकटी घरी येईल तेव्हा फोन होऊन गेलेला असेल. आणि समोर आली तर तिच्या तोंडाकडे बघून आपली जीभ पुन्हा टाळूला चिकटेल, हे आई ओळखून होती. दुकानातली जेवायची सुट्टी संपायला थोडा वेळ होता. तिनं फोन उचलला.

“कुणाला... फोन?” आतून बाबांनी विचारलं.

आई मागच्या दारात जाऊन उभी राहिली, दार ओढून घेतलं आणि धाकटीचा नंबर शोधला. काय आणि कुठून बोलायला सुरुवात करायची, ते तिला सुचत नव्हतं. सुचेपर्यंत थांबायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.