वाढत्या अंगाचा स्वेटर

मी भिंगार सोडलं तेव्हा ऐन मे महिना होता आणि आई मांडीवर लोकर घेऊन बसली होती. दाराशी गाडी उभी, ड्रायव्हर सारखा हॉर्न मारतोय, अण्णा बॅगांना दोऱ्या बांधून घामाघूम झालेत, आणि आई पायरीवर बसून माझ्या स्वेटरच्या गळ्याचे टाके बंद करते आहे. नगरच्या त्या उन्हात घामानं सुया हातातून निसटत होत्या. ती मधूनच हात पदराला पुसायची आणि पुन्हा टाके मोजायला लागायची. निरोप द्यायला आलेल्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला इतका संताप आला होता की रडायचं राहूनच गेलं.

शेवटचा टाका बंद झाला. लोकरीचं भलंमोठं शेपूट तिनं आतल्या बाजूला खोचून ठेवलं आणि स्वेटर माझ्या ड्रेसवरूनच घातला. बाह्या बोटांच्या पुढे आल्या, खालची किनार मांडीपर्यंत.

"आई, केवढा केलास हा!"

"असू दे. वाढत्या अंगाचा हाय."

माझं लग्न झालेलं. नवरा, मिलिंद, आधीच इंग्लंडला नोकरीवर रुजू झालेला आणि मी त्याच्यामागे निघालेली. आता कुठलं अंग वाढणार होतं? पण आमच्या घरात कपड्याचं दुसरं मापच नव्हतं. फ्रॉक असो, शाळेचा गणवेश असो, सगळं वाढत्या अंगाचं. तुमच्याही घरी असंच असणार, तुम्ही भिंगारातच राहिलेले असा नाहीतर माझ्यासारखे कुठं कुठं जाऊन पडलेले असा.

आई मूळची पारनेर तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. माहेरी सुगी झाली की धनगर येऊन रानात मेंढ्या बसवायचे, खताला. त्यांच्या बायका बांधावर बसून चरखा फिरवायच्या आणि त्या सुताची घोंगडी व्हायची. विणकाम मात्र ती भिंगारात शिकली. अण्णा लष्कराच्या कार्यालयात सिव्हिलियन क्लार्क होते. क्वार्टरच्या शेजारी हिमाचलातल्या कांगड्याच्या एक सुभेदारीणबाई राहायच्या. आईला हिंदी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हतं. दोघी दुपारभर जिन्यात बसून सुलट-उलट टाके घालायच्या. लग्न होऊन नवीन आलेली आई तिथं गावाच्या आठवणीनं रडायची. सुयांमुळे रडणं थांबलं, असं ती सांगते.

पुढं दर दिवाळीला माझा आदल्या वर्षीचा स्वेटर उसवला जायचा. ते आत खोचलेलं शेपूट ओढायचं आणि सरसर उसवत जायचं. ते काम माझं. गेल्या वर्षभराचा स्वेटर बघता बघता वेड्यावाकड्या दोऱ्याचा ढीग होऊन पडायचा. आई त्याची लडी करायची, गरम पाण्यातून काढायची आणि खालून खलबत्त्याचा बत्ता बांधून दोरीवर टांगायची, म्हणजे दोरा सरळ व्हावा. मग बाजारातून दुसऱ्या रंगाचा एखादा गुंडा आणायचा आणि नवा स्वेटर, एक पट्टा मोठा. दहावीत गेले तेव्हा माझ्या अंगावर इतके पट्टे होते की वर्गातली पोरं मला 'गोधडी' म्हणायची.

इंग्लंडात उत्तरेकडं आले. इथं खरंच थंडी होती, पण आईचा स्वेटर मी कपाटात ठेवला. झबल्यासारखा दिसायचा तो. कोट विकत घेतला आणि लोकांसारखी दिसायला लागले.

खरं सांगायचं तर मी इथं कधी टेकलेच नाही. एका घराचा करार संपत आला की मला दुसरं घर दिसायला लागतं. या घरात ऊन येत नाही, त्या घराचा जिना अंगावर येतो, या गल्लीत फार शांत आहे. मिलिंद बिचारा खोकी उचलत राहतो. काही खोकी तर फोडलीही नाहीत, या घरातून त्या घरात तशीच फिरताहेत. हाताला काही चाळा असला तर मन जागेवर राहील म्हणून मी विणायला बसले. तर तिथंही तेच. पाठ झाली की पुढच्या भागाचा कंटाळा, एक बाही झाली की दुसरीला नकार. माझ्याकडे शाल म्हणून सुरू केलेला मफलरएवढा तुकडा आहे आणि जोडीदार नसलेले मोजे आहेत. आई फोनवर विचारायची, "काय विनतीयेस?" मी दर वेळी नवीनच काहीतरी सांगायचे. ती म्हणायची, "बरं."

एक गोष्ट मात्र मी गृहीत धरली होती. मी कितीही हलले तरी भिंगारचं घर जागेवर राहील. क्वार्टर सोडल्यावर अण्णांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. अण्णा गेल्यापासून आई तिथं एकटी. मी तीन-चार वर्षांतून एकदा जायचे, त्यातही निम्मे दिवस शिर्डी आणि पाहुणे. पण ते घर आहे, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, एवढ्यावर मी जगभर उंडारायला मोकळी होते.

गेल्या वर्षी सप्टेंबरात आईचा फोन आला. शेजारच्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्यांना जागा हवी होती. घर घेतो म्हणत होते. आईला पारनेरकडं मावशीजवळ राहायला जायचं होतं. मावशीही एकटीच.

"तू येऊन ऱ्हानार असशील तर ठेवते बाय. न्हाई तर मला हितं संध्याकाळी भिंतीसंगं बोलावं लागतंय," आई म्हणाली. "रविवारपातूर सांग. त्यांना पन दुसरीकडं बघाया लागंल."

हो म्हणवेना, नाही म्हणवेना. येऊन राहणार का, तर नाही. मग घर विकून टाक म्हणायचं. तेही जिभेवर येईना. मी आठवडाभर घरात येरझाऱ्या घातल्या. भाजी दोनदा करपली. शनिवारी मिलिंद वैतागून म्हणाला, "चल, तुला त्या लोकरीच्या जत्रेला सोडतो. निदान माझं डोकं तरी शांत होईल."

इथं शरद ऋतूत लोकरीची जत्रा भरते. एरवी जिथं जनावरांचे लिलाव होतात त्या मोठ्या शेडमध्ये. जनावरांच्या खणाखणांत दुकानं लागलेली, रंगीत लड्यांचे ढीग, कोपऱ्यात खऱ्या मेंढ्या रवंथ करताहेत. रीत अशी की जो येतो तो स्वतः विणलेलं किंवा घरच्या कुणी विणलेलं अंगात घालून येतो. माझं तर काहीच पुरं नव्हतं. म्हणून घाईघाईत कपाटाच्या तळातून आईचा स्वेटर काढला आणि अंगात घालून गाडीत बसले. आरशात बघायचंही सुचलं नाही.

आत गेले आणि आठवड्यात पहिल्यांदा मला श्वास आल्यासारखं झालं. भिंगारच्या आठवडी बाजारासारखी गर्दी, फक्त ओरडणं नाही. बायका लोकर गालाला लावून बघत होत्या. बाजारात टोमॅटो दाबून बघावा तशा एकमेकींच्या बाह्या चाचपत होत्या आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. एका खणात न धुतलेल्या, करड्या-काळ्या लोकरीची पोती होती. मी एका पोत्यात नाक घातलं. मेंढीचा तो उग्र, तेलकट वास! आजोळचं रान, बाजरीची धसकटं, पहाटेचं बें बें, सगळं नाकातून वर चढलं. मी विचार न करता भलीमोठी पिशवी भरून घेतली. त्याचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

पलीकडे चरख्यावर सूत कातून दाखवत होते. मॉरीन नावाची एक वयस्क बाई शिकवत होती. तिनं मला बसवलं, पायाखाली चाक फिरवायची पट्टी दिली. माझा पाय काही हळू होईना. चाक गरगर फिरायला लागलं आणि दोऱ्याला पीळ असा बसला की जरा सैल सोडला तर तो आपोआपच गुंडाळी होऊन बसायचा. मॉरीन हसली. ती म्हणाली, फार पीळ बसलाय, धुऊन वजन लावून टांगून ठेव, म्हणजे निवेल. मी म्हटलं, माझी आई बत्ता बांधते. बत्ता म्हणजे काय ते समजावताना दोघींनाही हसू आवरेना.

मग तिनं माझी बाही हातात घेतली. टाके निरखून बघितले. "काय सुरेख हात आहे!" म्हणाली. आणि त्याच सुरात, "अॅक्रेलिक आहे ना?"

मी म्हटलं, नाही, लोकर आहे. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली की लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो आणि हातात राख उरते. ही बहुतेक वितळेल.

उगाच लागलं मला ते. त्या बाईनं काही वाईट म्हटलं नव्हतं, पण जत्रेतला सगळा आनंद तिथंच उतरला. घरी परत येईपर्यंत मी मिलिंदशी बोलले नाही. आल्यावर तो आपला, न्यायला आला तेव्हा जत्रेत काढलेले माझे फोटो आईला पाठवत बसला. स्वयंपाकघरात गेले, स्वेटरच्या आतलं शेपूट शोधलं. इतक्या वर्षांनंतरही ते तिथंच खोचलेलं होतं. टोकाचा बोटभर दोरा कापून चिमट्यानं गॅसवर धरला. वास आला तो प्लॅस्टिकचा, आणि चिमट्याच्या टोकाला काळा कुळकुळीत मणी उरला.

रविवारी सकाळी मी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा भिंगारात दुपार झाली होती. घराचं विचारायच्या आधी मी भांडायलाच सुरुवात केली.

"आई, ती लोकर नव्हतीच! प्लॅस्टिक होतं नुसतं. तुला दुकानदारानं फसवलं."

"आगं, मला ठाऊक न्हाई व्हय?" आई शांतपणे म्हणाली. "खरी लोकर माझ्या बापाच्या रानात बसत हुती. लहानपनी आजोळी घोंगड्यावर निजवलं की तू टाहो फोडायचीस, टोचतं म्हनून. पाठ लाल व्हायची तुजी. म्हनून बाजारातली मऊ आनायची. आन तुज्या मागं त्या पिशवीत काय गं?"

मी कॅमेऱ्यासमोर काळी लोकर धरली. आई हसून हसून खोकायला लागली. "घोंगड्याची लोकर आनलीस व्हय इलायतेतून! ती अंगाखाली घ्यायची बाय, अंगात न्हाई."

मीही हसले. आणि हसता हसताच मला रडू आलं, जे त्या मे महिन्यात राहून गेलं होतं. मला वाटत होतं की माझं माहेर त्या लोकरीत आहे, त्या दोन खोल्यांत आहे. आणि इथं आई मला सांगत होती की लोकर कुठली का असेना, माझी पाठ लाल होऊ नये एवढंच तिला बघायचं होतं. आता तिच्या संध्याकाळी भिंतीशी बोलण्यात जात होत्या. माझ्या पर्समधल्या किल्लीसाठी मी तिला तिथं बसवून ठेवलं होतं.

"घर विकून टाक आई," मी म्हटलं. "मावशीकडं जा."

मग ती म्हणाली, "मी भिंगारात आले तवा लई रडले हुते. आता हितनं जाताना पन रडनारच. तू नको रडू."

डोळे पुसून तिनं फोन जवळ घेतला. तिला माझं नाक दिसत होतं, मला तिचं कपाळ.

"मिलिंदरावांनी फोटू पाठवला काल. उभी ऱ्हा बरं जरा. मागं सरक."

मी फोन टेबलावर टेकवून उभी राहिले. काल घातलेला स्वेटर अजून अंगातच होता. बाह्या मनगटापाशी थांबलेल्या, खालची किनार कमरेवर, खांद्याला कुठं चुणी नाही. एवढ्या वर्षांत इथल्या पाव-लोण्यानं आणि वयानं माझं काय केलं ते पहिल्यांदाच मला नीट दिसलं. वाढत्या अंगाचा स्वेटर बरोबर बसला होता.

"बसला की गं!" आई म्हणाली. तिच्या आवाजात असा आनंद होता, जसं काही ती इतकी वर्षं याच दिवसाची वाट बघत होती. "मग आता फुडला घालाया पायजे. दोन बोटं मोठा घालते."

"आई, आता मी किती वाढणार अजून?"

"ते माझ्यावर सोड. मावशीकडं काम काय हाय मला? पन डोळ्याला कमी दिसतंय, वेळ लागंल. तवर पत्ता बदलू नको म्हंजे झालं."

त्या आठवड्यात शेजारच्यांना होकार गेला. दिवाळीच्या आधी आई पारनेरकडं गेली, जाताना सुया पिशवीत वरच ठेवून. किल्ली मी अजून पर्समधून काढलेली नाही, काढेन. इथल्या घराचा भाडेकरार संपत आला होता, तो मी पुढच्या वर्षापर्यंत वाढवून घेतला. मिलिंदनं दोनदा विचारलं, नक्की ना? काळ्या लोकरीचं माझं सूत बत्त्याच्या जागी इस्त्रीचं वजन लावून न्हाणीघरात टांगलं आहे. त्याचं पायपुसणं होईल फार तर.

तुम्ही कुणी विचाराल की आता तुझं घर कुठं, तर भिंगार म्हणता येत नाही आणि इथलं म्हणायला जीभ वळत नाही. पायाला अजून भिंगरी आहे, घरांच्या जाहिराती मी अजून चाळते. पण मग आठवतं की मावशीच्या ओसरीवर दुपारच्या उन्हात एक बाही चालू आहे, आणि ती ज्या पत्त्यावर येणार आहे तिथं मला दोन बोटं वाढून थांबायचं आहे.