रिकाम्या घराला सांगून जाणारी

काशीवहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा घरात मी एकटीच होते. नाताळच्या सुट्टीला आलेली पतवंडं नुकतीच परत गेली होती, आणि तो शनिवार-रविवार घर इतकं गप्प होतं की घड्याळाची टिकटिकसुद्धा अंगावर यावी. लोकांना अशी शांतता गोड लागते म्हणे. लागो बापडी! मला गप्प घराची भीती वाटते, पहिल्या बाळंतपणापासून वाटते... आणि त्या भीतीतून मला हाताला धरून बाहेर काढणारीच आता गेली.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. मी तलवाड्याला माहेरी बाळंतीण. आमचे हे नगरला शाळेत मास्तर. नाताळची सुट्टी म्हणून आले, मुलाचं तोंड बघून परत गेले. दादा गेवराईच्या कचेरीत कारकून. निजामी कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला. गावात प्लेग शिरला होता. उंदीर पडला की घर सोडायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक. सगळं गाव शेतात खोपी घालून राहायला गेलं होतं. दादानंही मळ्यात कडब्याची खोप बांधून ठेवलेली. अडलं होतं ते माझ्यापायी. पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीनं खोली सोडायची नाही, हा आईचा हट्ट. पाचवीला सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. ती आली आणि खोली रिकामी दिसली तर... पुढचं आई बोलायची नाही. पाचवी शुक्रवारी होती.

गाव रिकामं झाल्यावरचे ते दोन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. पहाटे जात्याची घरघर नाही, आडावर बाया नाहीत, कुत्रीसुद्धा माणसांमागं शेतात गेलेली. कुठं खट्ट झालं की मी बाळाला छातीशी ओढायची. बाळाचं अंग जरा ऊन लागलं की मी त्याच्या काखा चाचपायची, मग माझ्या. ऊन शेगडीनं लागतंय की तापानं, हे कळायचं कसं?

शुक्रवारी दुपारी वहिनी खोलीत आली आणि तिनं दार ओढून घेतलं. ही वहिनी म्हणजे सासूपुढं मान वर न करणारी. मी तिला चिडवायची, देवानं तुला जीभ काय नुसतं मीठ चाखायला दिली का म्हणून. त्या दिवशी मात्र ती आपणहून बोलली. कणगीमागं उंदीर पडला होता. आईनं तो उचलून उकिरड्यात पुरला, जागा सारवली आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. एवढी संध्याकाळ निभावली की झालं, असं तिला वाटत होतं. वहिनीनं ते बघितलं होतं.

"वन्सं, उठा," ती म्हणाली.

आई दारात आडवी आली. पाचवी टाकून नेती का, लेकराच्या कपाळावर मग काय लिव्हील ती, असं रडत विचारू लागली. वहिनी माझा हात धरून सासूला म्हणाली,

"आत्याबाई, सटवाईला कपाळ लागतं, भिंत लागत न्हाई."

दादानं एकदा आईकडं बघितलं, एकदा बायकोकडं, आणि गाडीला बैल जुंपले. वहिनीनं पाचवी पुजायला वरवंटा पदरात बांधून घेतला. आई मात्र उंबऱ्यावरून हलेना. "तुमी व्हा फुडं," ती म्हणाली. "ती आली तर कुणीतरी सांगाया पायजे. मी सांगते तिला, पोरी मळ्यात गेल्या म्हणून."

दिवेलागणीला आम्ही खोपीत वरवंटा पुजला. रिकाम्या गावात एकच दिवा दिसत होता, आमच्या घरातला. मी एकदा बाळाकडं बघायची, एकदा त्या दिव्याकडं.

सकाळी दादा आणायला गेला तर आईनं दार उघडलं नाही. अंग कसकसतंय, तिकडंच ऱ्हा, असं आतूनच म्हणाली. कालचा तो पहिलाच उंदीर नव्हता, हे तिनं तेव्हा सांगितलं... आई त्या खोलीतून चालत बाहेर आलीच नाही.

मी वहिनीला एकदाच विचारलं होतं, की आईलाही तसंच हाताला धरून का नाही ओढलंस. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "दोन हात हायती वन्सं. एकात तुमी, एकात लेकरू." आणि पुन्हा खाली मान घालून निवडत बसली.

पण त्या पाचवीपासून तिला एक सवय लागली. बाजाराला जायचं असो की लग्नाला, घर रिकामं व्हायचं असलं की कडी लावण्याआधी ती दारातून आत डोकावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "आमी चाललो गं." कुठं चाललो तेही सांगायची. पोरं हसायची, म्हातारी भिंतींशी बोलते म्हणायची. मी कधी हसले नाही. सांगायला कुणी मागं राहिलं की काय होतं, हे मी पाहिलं होतं.

परवा तेरावा उरकून आम्ही तिचं घर बंद केलं. माझा लेक, तोच पाचवीचा, आता पिकल्या केसांचा आजोबा झालाय. त्याला मी ही हकीकत कधी सांगितलेली नाही. त्यानं दार ओढलं, कडीला हात घातला आणि थांबला. मग दार पुन्हा जरासं ढकलून आत डोकावला.

"आमी नगरला चाललो गं," तो म्हणाला.

त्यानं कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.